बो सांग (चियांग माई): छत्र्यांच्या गावाला वीस मिनिटं नका देऊ, अर्धा दिवस तरी द्या

सह्याद्रीची_लेक

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये आईला घेऊन थायलंडला जाऊन आले. बँकॉक-पट्टायाबद्दल इथे भरपूर धागे आहेत त्यामुळे ते सोडून देते, मला फक्त बो सांगबद्दल लिहायचंय कारण तिथे मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दोन वेगळी गावं बघितल्यासारखं वाटलं.

बो सांग हे चियांग माई शहराच्या पूर्वेला साधारण नऊ किलोमीटरवर, सान कांफेंग रस्त्यावर. कागदाच्या आणि कापडाच्या रंगवलेल्या छत्र्यांसाठी प्रसिद्ध. पहिल्या दिवशी आम्ही शहरातून एक दिवसाची टूर घेतली होती, त्यात पाच ठिकाणं होती आणि बो सांगला वीस मिनिटं. व्हॅनमधून उतरलो, रस्त्याच्या दोन्ही बाजूला दुकानं, एका शेडमध्ये काही बायका रंगवत बसलेल्या, फोटो काढले, दोन फ्रिज मॅग्नेट घेतले, गाईडने टाळ्या वाजवून हाक मारली की चला. आणि आई जागची हलेना. ती शेडच्या मागच्या कोपऱ्यात एका आजोबांसमोर उभी होती, ते बांबू चिरत होते. तिला दोनदा हाक मारली तेव्हा आली आणि गाडीत बसल्यावर एकच वाक्य बोलली, "अगं, ते माझ्या बाबांसारखं धरतात."

माझे आजोबा (आईचे वडील) राजापूरकडचे, पावसाच्या तोंडावर घरची इरली स्वतः बांधायचे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पळसाची पानं. मी ते कधी बघितलेलं नाही, ते गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आईनेही याआधी कधी एवढं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी हॉटेलवर तिने मला हाताने करून दाखवलं, कामटी मांडीवर कशी ठेवायची, कोयती अंगापासून लांब कशी ढकलायची, आणि मग मी दुसऱ्या दिवसाचं हत्तींचं बुकिंग सोडून दिलं आणि आम्ही परत बो सांगला गेलो, या वेळी आमच्या आम्ही. वारोरोत मार्केटच्या जवळून पांढऱ्या सोंगथाव सुटतात (मागे दोन बाकं टाकलेली पिकअप, आपल्या शेअर जीपसारखी), त्यात बसलो. लक्षात ठेवा, शहरात फिरतात त्या लाल, सान कांफेंगला जाते ती पांढरी.

त्या दिवशी आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो आणि दोन वाजता निघालो. ज्या छत्री केंद्रात सगळ्या टूर थांबतात (ते १९७८ पासून आहे, आत जायला पैसे नाहीत) तिथेच गेलो पण घाई नव्हती त्यामुळे सगळं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता आलं. छत्रीच्या दोन मुंड्या असतात, एक वर टोकाला घट्ट बसवलेली आणि एक दांड्यावर खालीवर सरकणारी, दोन्ही मऊ लाकडाच्या, आणि त्यांना गोल फिरत बारीक खाचा पाडतात. प्रत्येक खाचेत बांबूची एक काडी. वरच्या मुंडीला लांब काड्या, खालच्या मुंडीला आखूड, आणि दोघींना मध्ये भोक पाडून दोऱ्याने ओवतात. खिळा नाही, तार नाही. तो दोरा ओवणारी बाई काम करताना हातांकडे बघतच नव्हती, शेजारणीशी गप्पा मारत होती आणि बोटं आपली चालू.

मग वर कागद. हा कागद म्हणजे साआ, कागदी तुतीच्या झाडाची साल उकळून, कुटून, लगदा करतात, मग पाण्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवून लगदा सारखा पसरतात आणि चौकटीसकट उन्हात टेकवून ठेवतात. वाळला की सोलून काढायचा. पापड वाळत घातल्यासारख्या चौकटी रांगेने उभ्या असतात. कागद काड्यांवर चिकटवायला पूर्वीपासून एका टेंभुर्णीच्या जातीच्या फळाचा रस वापरतात, आणि पाण्याने भिजू नये म्हणून वरून तेल देतात. तेल दिलेल्या छत्र्या अंगणात उघडून ठेवलेल्या असतात. तो वास मला अजून आठवतो, जवसाच्या तेलासारखा थोडा.

आई त्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आईला थाई. तिने त्यांना हाताने विचारलं, मी करू का. त्यांनी आधी हसून मान हलवली, मग तिने एक टाकलेली कामटी उचलून नखाने तिची आतली बाजू आणि पाठ चाचपून बघितली, ते बघितल्यावर त्यांनी स्वतःचा सुरा तिच्या हातात दिला. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, पोस्टातून रिटायर झाली, मी तिला कधी बांबूला हात लावताना बघितलेलं नाही. तिने दोन कामट्या चिरल्या. पहिली वाकडी गेली. दुसरी त्यांनी उचलून उजेडात धरली आणि त्यांच्या गठ्ठ्यात ठेवली. बाजूला नाही ठेवली, गठ्ठ्यातच ठेवली. म्हणजे कुठल्यातरी छत्रीत ती काडी लागली असेल आता.

मी रडले. आई नाही रडली.

आम्ही एक मध्यम आकाराची छत्री घेतली, गडद निळी, त्यावर पांढरी फुलं. कोणाला जायचं असेल तर विचारा, जेवढं माहितीय तेवढं सांगते.

कोकणकडा

ताई, फार मनापासून लिहिलंयत. आमच्याकडे संगमेश्वरला माझ्या लहानपणी लावणीला सगळ्या बाया इरलं घेऊनच शेतात असायच्या, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठीवर पाणी येत नाही, छत्रीने लावणी होत नाही. नंतर प्लॅस्टिकची खोळ आली आणि इरलं गेलं. एक विचारायचं होतं, ते बांबू कुठला वापरतात? आपल्याकडे माणगा वेगळा, चिवा वेगळा, कामटीला सगळा चालत नाही.

सह्याद्रीची_लेक

कोकणकडा दादा, जात नाही सांगता येणार मला पण आईने हात लावून सांगितलं की भिंत जाड होती आणि पेरं लांब होती. काडीची लांबी दोन पेरांच्या मध्येच बसवतात, गाठ मध्ये आली तर तिथे वाकत नाही म्हणे. आणि एकाच नळीच्या काड्या एका छत्रीला लावतात, चिरताना ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने. त्यामुळे छत्री मिटली की परत बांबूची नळी झाल्यासारखी दिसते. हे आईच्या लक्षात आलं, माझ्या आलं नसतं.

पुणेरी_भटकंती

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितोय, राग मानू नये. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, मला ते सगळं दुकानदारीच वाटली. केंद्रातून बाहेर पडलं की पुढे रेशमाचं दुकान, मग दागिन्यांचं, मग लाखेच्या वस्तूंचं, ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी नेणार आणि तुम्ही काही घेतलं नाही की त्याचं तोंड उतरणार. गाव म्हणून गेलो होतो, घरं दिसलीच नाहीत. मोबाईलच्या कव्हरवर फुलपाखरू काढून देणं ही परंपरा आहे का? माझ्या मुलीने काढून घेतलं, छान होतं, पण मला प्रश्न पडला.

बँकॉकवासी_रत्नागिरीकर

पुणेरी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी इथे अकरा वर्षं राहतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं, बो सांगच्या छत्र्या कधीच एका गावात पूर्ण होत नव्हत्या. मुंड्या एका वस्तीत, काड्या दुसऱ्या, कागद तोन पाओ नावाच्या शेजारच्या गावात, आणि जोडणी-रंग बो सांगला. शेतीची कामं संपली की घरोघर हे चालायचं. म्हणून एका गल्लीत उभं राहून "गाव" शोधलं तर सापडत नाही, ते आजूबाजूच्या पाचसहा वस्त्यांत पसरलेलं आहे. तोन पाओला जरूर जा, तिथे कागद करणारी घरं आहेत आणि गर्दी अजिबात नसते. बो सांगहून जवळ आहे.

दुसरं, गावात अशी गोष्ट सांगतात की फ्रा इंथा नावाचे एक भिक्खू ब्रह्मदेशाच्या हद्दीकडे गेले होते, तिथे कोणीतरी त्यांना छत्री दान दिली, मग ते ती कशी करतात ते शिकून आले आणि गावकऱ्यांना शिकवलं. म्हणजे ही कला मुळात दुसरीकडून शिकून घेतलेलीच. छत्री आधी भिक्खूंसाठी, देवळात अर्पण करायला आणि मिरवणुकीला होती. नंतर उन्हापावसाला. आता स्वस्त नायलॉनच्या छत्र्या आल्यावर पावसाला कोणी कागदी छत्री घेत नाही, त्यामुळे हॉटेलची सजावट, लग्नाचे मांडव आणि प्रवासी एवढंच गिऱ्हाईक उरलं. मोबाईलच्या कव्हरवर फुलपाखरू काढणारी बाई दिवसाला जेवढी कव्हरं रंगवते त्यावर तिचं घर चालतं आणि हात चालू राहतो. तो चालू राहिला म्हणून ती मोठी छत्री पण रंगवू शकते. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

तिसरं, ड्रायव्हर आणि कमिशन. हे खरं आहे, सान कांफेंग रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानांत चालतं. उपाय सोपा, गाडी फक्त जाण्यापुरती करा, ॲपवरून किंवा सोंगथावने, आणि परतीची वेगळी.

रेशीम घ्यायचं असेल तर मोराचं चिन्ह बघा. थायलंड सरकारचं प्रमाणपत्र आहे, सोनेरी, चंदेरी, निळा आणि हिरवा मोर. सोनेरी म्हणजे देशी जातीच्या किड्याचं, हाताने काढलेल्या सुताचं आणि हातमागावरचं, हिरव्यात रेशमाबरोबर दुसरा धागा मिसळलेला असतो. बाकी दोन मधल्या. दुकानदार काडी पेटवून धागा जाळून दाखवतो त्यापेक्षा हे बघणं बरं.

पुणेरी_भटकंती

हे कोणी आधी सांगितलं असतं तर! तोन पाओचं नाव पण ऐकलं नव्हतं. परत जाणं होईल तेव्हा नक्की. माझ्या मुलीला कागद बघायला आवडला असता, ती शाळेत रद्दीचा कागद करते.

नागपूरची_प्रज्ञा

सगळ्यांना जय भीम. आमच्याकडून दरवर्षी बरेच लोक थायलंडला विहार बघायला जातात म्हणून एक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवते. मी बाबांसाठी बुद्धमूर्ती आणायला म्हणून बान तवाईला गेले होते. ते चियांग माईच्या दक्षिणेला लाकडी कोरीव कामाचं गाव आहे, हांग दोंगच्या पुढे. गाव म्हणजे खरंच गाव, कालव्याच्या दोन्ही बाजूने दुकानं आणि मागच्या अंगणात छिन्नीचा आवाज. हत्ती, दरवाजे, एवढाली कमळं. थायलंडमध्ये १९८९ ला जंगलतोडीवर बंदी आली, त्यानंतर जुन्या घरांचं सागवान, आंब्याचं लाकूड, विलायती शिरीष असं वापरतात.

तर मूर्ती. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो, नवी असली तरी. गळ्यात घालायचं लहान ताईत सोडून. मला एका दुकानाने सांगितलं काही होत नाही, बॅगेत टाका. मी नाही टाकली. दुसऱ्या दुकानात एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी मला भाषांतराच्या ॲपवर विचारलं की मूर्ती घरात कुठे ठेवणार. मी सांगितलं की आमचे आजोबा १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, घरात उंच जागा केली आहे, रोज वंदना होते. त्यांनी हात जोडले आणि मग स्वतः बसून कागदपत्रं कोण करून देतं तो पत्ता लिहून दिला. चार दिवस लागले, मी थांबले. तिथे ठिकठिकाणी फलक आहेत की बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही. ते वाचून मला फार बरं वाटलं. टी-पॉयवर किंवा बाथरूमच्या बाहेर मूर्ती ठेवतात ना लोक, ते त्यांना खूप लागतं, आणि आम्हालाही.

सह्याद्रीची_लेक

प्रज्ञाताई, जय भीम. हे माहीत नव्हतं, बरं झालं लिहिलंत. मी वर पण याचा उल्लेख टाकते.

मीनल_डोंबिवली

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी जाणार आहोत, चौघं, सासूबाई जैन जेवण जेवतात, कांदा-लसूण नाही. दोन प्रश्न. १) जेवणाचं कसं होईल? २) आमच्या टूरमध्ये छत्रीच्या गावानंतर लांब मानेच्या बायकांचं गाव आहे. ते बघावं का? मुलांना घेऊन जायचं आहे.

बँकॉकवासी_रत्नागिरीकर

मीनलताई, जेवणाचं आधी. नुसतं "व्हेज" सांगू नका, मासळीचं पाणी (नाम प्ला) घालूनच देतील, त्यांच्या मते तो मसाला आहे. "किन जे" म्हणा. जे म्हणजे मांस, मासळी, अंडं तर नाहीच पण कांदा-लसूणही नाही, दूधही नाही. अशा दुकानांवर पिवळी पाटी आणि लाल अक्षर असतं, ते अक्षर आकड्यांमधल्या १७ सारखं दिसतं (इंग्रजी आकडे धरून). सासूबाईंना ते चिन्ह मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या. कंदमुळांचं मात्र वेगळं सांगावं लागेल.

फेब्रुवारीच्या शेवटाबद्दल एक काळजीची गोष्ट. उत्तर थायलंडात तेव्हापासून एप्रिलपर्यंत शेतातलं आणि डोंगरातलं गवत-पाचट जाळतात, चियांग माई खोलगट जागी असल्यामुळे धूर बसून राहतो. कोणाला दमा असेल तर तारीख अलीकडे घ्या. जमलं तर जानेवारीचा तिसरा शनिवार-रविवार धरा, बो सांगला छत्री महोत्सव त्याच सुमारास असतो, पारंपरिक कपड्यात बायका एका हातात छत्री धरून सायकलची मिरवणूक काढतात, अख्खा रस्ता छत्र्यांनी मढवलेला असतो.

आणि थायलंडला उतरायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, १ मे २०२५ पासून. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

अरुंधती_के

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण मी जाऊन आलेय आणि मला त्याचा आजही त्रास होतो.

त्या बायका कायान समाजाच्या, ब्रह्मदेशातून लढाईमुळे पळून आलेल्या. पितळेच्या कड्यांनी मान लांब होत नाही, गळपट्टीचं हाड आणि बरगड्या खाली दाबल्या जातात म्हणून तशी दिसते. प्रवेशाचे पैसे भरून आत गेलो की ओळीने झोपड्या, प्रत्येकीपुढे सारखेच स्कार्फ, आणि लोक फोटो काढत पुढे सरकतात. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने उघड सांगितलं होतं की यातल्या काहींना दुसऱ्या देशात जायची संधी असून बाहेर जाऊ दिलं जात नाहीये. आज परिस्थिती ठिकाणाठिकाणी वेगळी आहे आणि काही बायका हे स्वतःच्या मर्जीने करतात, विणकाम त्यांचंच आहे, त्यावर घर चालतं, त्यामुळे सरसकट जाऊ नका असंही मला म्हणवत नाही.

पण मी जिथे गेले तिथे माझ्या मुलाने विचारलं, "आई, या घरी कधी जातात?" आणि मला उत्तर देता आलं नाही. छत्रीच्या गावात बाई पाच वाजता काम आवरून स्कूटरवर घरी जाते. तुम्ही तिचं काम बघता. इथे लोक तिची मान बघायला येतात. मुलांना घेऊन मी परत जाणार नाही. त्याऐवजी वुआ लाई रस्त्याला जा, चांदीकाम करणाऱ्यांची जुनी आळी आहे, वात श्री सुफानच्या आवारात पत्रा ठोकून नक्षी उठवतात ते बघायला मिळतं. त्या चंदेरी देवळाच्या गाभाऱ्यात मात्र बायकांना प्रवेश नाही, बाहेरून बघायचं, हे मला खटकलं पण आधी माहीत असलेलं बरं. शनिवारी संध्याकाळी तोच रस्ता बाजार होतो.

मीनल_डोंबिवली

अरुंधतीताई, धन्यवाद. टूरवाल्यांना आजच फोन करून ते गाव काढायला सांगितलं, पैसे कमी होणार नाहीत म्हणाले, चालेल. तोन पाओ घालता येईल का विचारलंय. तारीख पण बदलायचा प्रयत्न करतोय.

कोकणकडा

एक शंका, छत्री विमानातून कशी आणली? आणि आपल्या पावसात टिकते का?

सह्याद्रीची_लेक

दादा, दुकानातच पुठ्ठ्याच्या नळीत घालून दिली, मी सामानात टाकली, हातात ठेवली नाही. मोठी घेणार असाल तर पार्सल करून देतात पण मला डोळ्यासमोर हवी होती.

पावसाचं म्हणाल तर मुंबईच्या पावसात नेऊ नका, काही जण कापडाची घेतात ती जरा जास्त सोसते. आमच्याकडे जूनमध्ये दमट हवेने कागदाला वास यायला लागला म्हणून आईने ती उघडून पंख्याखाली ठेवली, मिटून कपाटात ठेवली की तेल दिलेला कागद एकमेकांना चिकटतो. आता ती कायम उघडीच असते, हॉलच्या कोपऱ्यात.

आणि हे इथे लिहायचं राहूनच गेलं होतं. गेल्या रविवारी आईने राजापूरच्या मामाला फोन करून विचारलं की बाबांची कोयती कुठे आहे. मामा म्हणाला माळ्यावर असेल, बघतो. काल त्याचा फोटो आलाय, मूठ गेलीय पण पातं आहे. गणपतीत जाणार आहोत तेव्हा आणायची. कोकणकडा दादा, संगमेश्वरला अजून कोणी इरलं बांधणारं असेल तर कृपया कळवा, आईला सांगाडा येतो पण पानं कशी गुंफायची ते ती विसरलीय.

कोकणकडा

आमच्या वाडीत एक म्हातारे आहेत, गेल्या वर्षीपर्यंत नातवासाठी लहानसं बांधायचे. उद्या सकाळी जाऊन विचारतो आणि तुम्हाला मेसेज करतो. पानं पावसाळ्यातलीच लागतात, तेव्हा गणपतीत आलात तर जमेल.